एका अंड्याचा हंगाम

पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची जोडी एका हंगामात एकच अंडे घालते. ते अंडे कावळ्याने फोडले, वाऱ्याने फांदी मोडली किंवा उबवणाऱ्या दोघांपैकी एक पक्षी मेला, तर त्या जोडीचे ते वर्ष बहुधा वाया जाते. पिल्लू उडाले तरी त्याला स्वतः जोडी जमवून घरटे बांधायला पाच वर्षांच्या आसपास काळ जावा लागतो. म्हणून या पक्ष्याची संख्या वाढते आहे की घटते आहे, हे आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे मोजून नीट कळत नाही. त्यासाठी प्रत्येक घरट्यावर ऑक्टोबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत लक्ष ठेवावे लागते. रायगड जिल्ह्यात हे काम प्रामुख्याने स्वयंसेवकांनी केले आहे. महाडची ‘सिस्केप’ ही संस्था प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, वनखाते आणि गावकरी यांना बरोबर घेऊन, जिल्ह्यातल्या गिधाडांसाठी गेली अनेक वर्षे झटते आहे. म्हसळा तालुक्यातले चिरगाव हे या कामाचे सर्वांत परिचित ठिकाण.

महाडच्या लोकांनी म्हसळ्याच्या घरट्यांची काळजी का करावी, याचे उत्तर गिधाडाच्या उडण्यात आहे. महाडपासून म्हसळा सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटर, पोलादपूरपासून चाळीसच्या आसपास. गिधाड पंख फारसे न हलवता तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर तरंगते आणि अन्नाच्या शोधात दिवसाकाठी शंभर किलोमीटरचा पल्लाही सहज गाठते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड ओलांडत बाणकोटच्या खाडीला मिळते, तो सगळा पट्टा या पक्ष्याच्या एका दिवसाच्या आवाक्यातला. घरटे म्हसळ्याच्या झाडावर असले तरी पिल्लाचा घास पोलादपूरच्या एखाद्या धनगरवाड्यामागच्या माळावरून आलेला असू शकतो. त्या घासात काय आहे यावर पिल्लाचे आणि आईबापांचेही जगणे अवलंबून असते.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड त्यांतल्या एके काळी सर्वांत जास्त दिसणाऱ्या जातींपैकी एक. प्रौढ पक्षी काळपट, मानेच्या बुडाशी पांढऱ्या मऊ पिसांची गळपट्टी, कमरेवर पांढरा पट्टा आणि पंखांच्या आतल्या बाजूला पांढरे अस्तर. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सहा-सात फूट भरतात. कोवळा पक्षी सगळाच तपकिरी असतो, त्याच्या पाठीवर पांढरे काही नसते. थव्यात तरुण किती, प्रौढ किती हे दुर्बिणीतून ओळखता येते ते यामुळेच. हे गिधाड उंच झाडावर वस्ती करून घरटी बांधते. त्याचा भाऊबंद असलेले लांब चोचीचे गिधाड मात्र सह्याद्रीच्या कड्यांच्या कपारीत राहते. दोन्ही जाती आज जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहेत.

ही वेळ कशी आली, ती गोष्ट घरट्यांच्या नोंदींपासूनच सुरू होते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत असत. १९८७-८८ च्या हंगामात तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या वर घरटी होती. १९९८-९९ मध्ये ती विसाच्या आसपास उरली. माना खाली टाकून बसलेले आणि मग झाडावरच मेलेले पक्षी त्यांना दिसत होते. हा केवळ भरतपूरचा प्रश्न नव्हता. १९९२ ते २००७ या काळात या जातीची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे पाहण्यांतून निघाले. कारण सापडायला २००४ उजाडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांच्या वसाहतींमध्ये मेलेले पक्षी तपासले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांवर आणि आतड्यांवर युरिक आम्लाचे पांढरे थर सापडले. दोषी ठरले डायक्लोफिनॅक, म्हणजे गुरांच्या अंगदुखीवर, सुजेवर सर्रास टोचले जाणारे स्वस्त औषध. औषध दिल्यावर थोड्याच काळात मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. एका शवावर पन्नास-शंभर गिधाडे उतरतात, त्यामुळे शंभरातले एखादेच शव विषारी असले तरी जात संपायला तेवढे पुरते.

भारताने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ही गिधाडांना घातक ठरलेली दुसरी दोन औषधे २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध बाजारात मिळते. कायद्याची बाजू एवढी. तो प्रत्यक्षात किती पाळला जातो, हे दिल्लीत कळत नाही. गावच्या झाडावरचे घरटे भर हंगामात अचानक ओस पडले, तर काहीतरी बिनसले असल्याची ती पहिली खूण असते. ती टिपायला कोणीतरी तिथे असायला हवे.

कोकणात गिधाडांना औषधाखेरीज दुसरी अडचण आहे ती उपासमारीची. पूर्वी गावाबाहेर मेलेली गुरे टाकायची ठरलेली जागा असे. तिथे गिधाडे उतरत आणि तासा-दोन तासांत हाडे उरत. मुंबईला गेलेल्यांची घरे बंद झाली, नांगराचे बैल गेले, पॉवर टिलर आले, गोठे रिकामे झाले. ग्रामस्वच्छतेच्या मोहिमा रुजल्या तशी उरलीसुरली मेलेली गुरे पुरण्याची रीत पडली. स्वच्छतेच्या दृष्टीने ती योग्यच, पण गिधाडाचे ताट त्यात गेले. म्हणून रायगडमधल्या कामात घरट्यांच्या नोंदी आणि अन्नाचा पुरवठा ही दोन कामे कधीच वेगळी राहिली नाहीत. आसपासच्या गावांत जनावर मेले की निरोप यावा, त्याला शेवटच्या आजारात कोणते औषध दिले होते ते विचारावे, आणि ते सुरक्षित असेल तर शव गिधाडांच्या ठरलेल्या जागी न्यावे, अशी ही व्यवस्था. तिचा सगळा भार शेतकऱ्याच्या खरे सांगण्यावर आहे. गावकऱ्यांचा विश्वास नसेल तर उत्तम दुर्बीणही काही कामाची नाही.

विणीचा हंगाम शेतीच्या हंगामाशी जवळपास जुळून चालतो. भातकापणी उरकत येते तेव्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जोड्या जुन्या घरट्यांवर परततात किंवा नव्या काटक्या आणू लागतात. आंबा, बेहडा, अर्जुन अशी उंच, जुनी, पसरट झाडे त्यांना लागतात; किनाऱ्याकडे माडाच्या शेंड्यातही घरटी होतात. घरटे काटक्यांचे, आतून हिरव्या पाल्याने मढवलेले. ताजा हिरवा पाला ही निरीक्षकासाठी पहिली पक्की खूण, कारण रिकाम्या जुन्या घरट्यात तो नसतो. दुसरी खूण म्हणजे खालच्या पानांवर आणि जमिनीवर पडलेला विष्ठेचा चुन्यासारखा सडा.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास अंडे पडते. नर आणि मादी दिसायला सारखीच, आणि दोघेही आळीपाळीने उबवतात. हे काम सुमारे दीड महिना किंवा त्याहून थोडे जास्त चालते. या काळात पक्षी घरट्यात इतका खोल बसतो की खालून फक्त डोके किंवा शेपटीचे टोक दिसते; आंब्याच्या दाट पानांत तेही दिसत नाही. निरीक्षकाची कसोटी लागते ती इथे. पक्षी दिसला नाही आणि पक्षी नव्हता, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नवखा माणूस दोन्हींसाठी ‘नाही’ लिहितो आणि वहीतले घरटे अकारण मरते. चांगला स्वयंसेवक ‘दिसले नाही, पाने आड’ असे लिहितो आणि जोडीदार येऊन पाळी बदलेपर्यंत थांबतो. ती अदलाबदल पाहिली की शंका उरत नाही.

जानेवारीत पिल्ले बाहेर येऊ लागतात. घरट्यातल्या प्रौढ पक्ष्याची ठेवण बदलते. तो आता खोल बसत नाही, उभा राहतो. दुपारच्या उन्हात पंख अर्धवट उघडून सावली धरतो. मान खाली घालून गळ्यातल्या पिशवीतले अन्न पिल्लाच्या चोचीत ओकतो. पिल्लू दिसण्याआधीच या हालचालींवरून ते असल्याचे कळते. मग करडी-पांढरी लव असलेला गोळा घरट्याच्या कडेवर दिसू लागतो, त्याला तपकिरी पिसे फुटतात, आणि शिमग्याच्या सुमारास तो आईबापांच्या निम्म्याहून मोठा झालेला असतो. पिल्लू तीन महिन्यांहून अधिक काळ घरट्यातच असते. शेवटी ते कडेवर उभे राहून पंख फडफडवते, शेजारच्या फांदीवर जाते, परत येते. एप्रिल-मेमध्ये, आगोटीची लगबग सुरू होते तेव्हा, ते उडते. उडाल्यावरही काही काळ आईबापच त्याला भरवतात, म्हणून घरटे रिकामे दिसले तरी आसपासची झाडे धुंडाळावी लागतात.

कोकणातले सगळे संकटाचे दिवस नेमके याच महिन्यांत येतात. फेब्रुवारीपासून डोंगरांना वणवे लागतात. कोणी गवत नवे फुटावे म्हणून लावतो, कोणी शिकारीसाठी, काही नुसत्या निष्काळजीपणाने लागतात. आग झाडावरच्या घरट्यापर्यंत पोचली नाही तरी धुराने प्रौढ पक्षी उठतात आणि पिल्लू उन्हात उघडे पडते. होळीसाठी झाडे तुटतात. एप्रिलच्या उष्म्यात पाण्याविना कोमेजलेली किंवा वळवाच्या वाऱ्यात घरट्यातून पडलेली पिल्ले झाडाखाली सापडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-म्हसळा भागातली असंख्य जुनी झाडे आडवी झाली. सुदैवाने तोवर बहुतेक पिल्ले उडालेली असण्याचा काळ होता. पण शंभर वर्षांचा बेहडा पडला तर पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसरा उभा राहत नाही.

निरीक्षणाची पद्धत साधी आहे, पण तिच्यात सूट चालत नाही. हंगामाच्या सुरुवातीला वस्तीतले प्रत्येक झाड आणि प्रत्येक घरटे यांना क्रमांक दिला जातो, जागेची नोंद मोबाइलवरच्या जीपीएसने होते. पाहण्याची जागा झाडाखाली नसते. समोरच्या उतारावर, आडोशाला, पक्षी मान वर करून बघणार नाही इतक्या अंतरावर ती निवडतात. दरवेळी तिथूनच पाहिले जाते, म्हणजे आज दिसलेले आणि पंधरा दिवसांनी दिसलेले यांची तुलना करता येते. साधी दुर्बीण बहुतेक कामाला पुरते; तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असली तर पिल्लाचे वय सांगणे सोपे जाते. सकाळ उत्तम, कारण ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत गिधाडे झाडावरच असतात. वहीत तारीख, वेळ, हवामान, घरट्याचा क्रमांक, प्रौढ पक्षी किती, बसलेला की उभा, पिल्लू दिसले का, केवढे, आणि आसपास काय चालले होते, इतके लिहिले की पुरे. कुऱ्हाडीचा आवाज, धूर, माकडांची टोळी, फोटो काढणारी माणसे हे सगळे त्या शेवटच्या रकान्यात येते. पुढे घरटे का फसले याचे उत्तर बहुधा तिथेच सापडते.

हंगाम संपला की हिशेब होतो. समजा एका वस्तीत २० घरट्यांत पक्षी बसले आणि त्यांतून १२ पिल्ले उडाली, तर यशाचे प्रमाण ६० टक्के. पण हा आकडा खरा तेव्हाच, जेव्हा सुरुवातीपासून सगळी घरटी वहीत असतात. जानेवारीत पाहायला आलेल्या माणसाला डिसेंबरात फसलेली घरटी दिसतच नाहीत. त्याला फक्त यशस्वी जोड्या भेटतात आणि त्याचा आकडा फुगतो. हौशी नोंदींमध्ये हा दोष सर्वांत जास्त आढळतो. फसलेल्या घरट्याचे ओळीने लिहिलेले पान उडालेल्या पिल्लाच्या फोटोपेक्षा अधिक मोलाचे आहे, हे पटायला वेळ लागतो, कारण फोटोला दाद मिळते, वहीला मिळत नाही.

एखाद्या पक्ष्याच्या घरट्यासमोर महिनोन् महिने बसण्याची परंपरा रायगडला नवी नाही. १९३० च्या सुमारास डॉ. सलीम अली नोकरी गेल्यानंतर अलिबागजवळच्या किहीमला राहत होते आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचा विणीचा हंगाम बारकाईने टिपला. पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले ते त्या कामापासून. परदेशात हेच काम राखणीतून सुरू झाले. स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टन तळ्याकाठी दीर्घ खंडानंतर परतलेल्या मत्स्यगरुडांच्या घरट्यातली अंडी १९५८ मध्ये चोरीला गेली, तेव्हा तिथल्या पक्षिसंरक्षण संस्थेने स्वयंसेवकांचा पहारा अधिक कडक केला आणि पुढच्याच वर्षी लोकांना लांबून घरटे पाहण्याची सोयही केली. महाराष्ट्रात कोकण किनाऱ्यावर चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली समुद्रगरुडाच्या घरट्यांचा असाच मागोवा घेत आली आहे.

लोकांना घरटे दाखवण्याची स्कॉटलंडची पद्धत गिधाडांना मात्र जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे एकच ठरलेली जागा होती आणि तिच्यावर चोवीस तास माणसे होती. इथे वस्ती विखुरलेली, झाडे खाजगी मालकीची आणि माणसे मोजकी. एका घरट्याचे ठिकाण समाजमाध्यमावर पडले की पुढच्या रविवारी गाड्या येतात, ड्रोन उडतात, प्रौढ पक्षी उठतात आणि कावळे त्याच संधीची वाट पाहत असतात. गिधाडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची अंडी, घरटी यांना धक्का लावणे हा गंभीर गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवला गेला तरी त्या वर्षाचे अंडे परत येत नाही.

पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे सोडणे हा दुसरा मार्गही सुरू आहे. हरियाणातल्या पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून २०२४ च्या सुरुवातीला ताडोबा आणि पेंच या विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत गिधाडे आणली गेली. ते काम खर्चाचे, मोठ्या यंत्रणेचे. रायगडची गिधाडे मात्र स्वतःच टिकून राहिलेली, रानात जन्मलेली आहेत, आणि त्यांना टिकवण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे: शाबूत उंच झाडे, बिनविषारी शव, आणि नोंदी घेणारी माणसे. या तिन्हींची सोय गावातच होऊ शकते. जिथे पाड्यावरचा तरुण किंवा शाळेतला शिक्षक नोंदी घेतो, तिथे वणव्याची खबर शहरातल्या तज्ज्ञाच्या आधी पोचते, हे साधे गणित आहे. तज्ज्ञ लागतो तो वहीतल्या नोंदींचा अर्थ लावायला.

महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन या भागात राहणाऱ्या कोणालाही या कामात हातभार लावता येईल. नोव्हेंबर ते मे या काळात उंच झाडावर बसलेले किंवा काटक्या नेणारे गिधाड दिसले तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावी. झाडाखाली जाऊ नये, ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नये. जमिनीवर पडलेले पिल्लू दिसले तर ते घरी नेऊ नये, त्याला पाणी पाजण्याची घाई करू नये. कुत्री आणि गर्दी लांब ठेवून वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. आणि ज्यांच्या गोठ्यात अजून गुरे आहेत त्यांनी जनावराला वेदनाशामक टोचून घेताना डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमचाच आग्रह धरावा.